थोरल्याचं नाक

गावाचं सगळं सांडपाणी उताराच्या टोकाला, ते शुद्ध करायच्या केंद्रात उतरायचं, आणि केंद्रावर दोघे भाऊ कामाला होते, थोरला आणि धाकटा. मोरीचं, संडासाचं, गोठा धुतल्याचं, जे जे माणसाला नजरेआड करायची घाई असते ते सगळं एका जाड पाइपातून खाली यायचं. जाळीला चिंध्या आणि कचरा अडकायचा, पाणी पंपाच्या विहिरीत पडायचं, तिथून वर चढून हवेच्या टाकीत खदखदायचं, मग निवळून ओढ्याला लागायचं. कुंपणाच्या आतच राहायला दोन खोल्या आणि एक स्वयंपाकघर होतं. एका खोलीत थोरला आणि थोरली, दुसरीत धाकटा आणि धाकटी. चूल एकच. थोरली लग्न होऊन आली तेव्हा धाकटा अर्ध्या चड्डीत होता आणि सासू आधीच गेलेली. तिला स्वतःला मूल झालं नाही. त्यामुळे तो नात्याने दीर असला तरी त्याच्या डोक्याला तेल लावण्यापासून त्याच्यासाठी मुलगी बघण्यापर्यंत सगळं तिनेच केलं होतं.

सुरुवातीला गाव त्यांच्याकडे बघून नाक मुरडायचं. दुकानात गेलं की लोक दोन पावलं मागे सरायचे. पण थोरल्याने नाकानेच नाव काढलं. हवेच्या टाकीवर उभं राहून तो एक श्वास घ्यायचा आणि टाकीची तब्येत सांगायचा. नुकत्या खणलेल्या मातीसारखा वास आला तर सगळं ठीक. आंबूस आला तर कुणीतरी शिळं दूध मोरीत ओतलंय. एकदा जाळीपाशी हुंगून तो सरळ गावातल्या गॅरेजवर गेला आणि मिस्त्रीला म्हणाला, "काळं तेल गटारात सोडलंस ना? माझी टाकी मारशील." मिस्त्रीच्या हातातला पाना गळून पडला. त्या दिवसापासून लोक त्याला 'नाकवाले' म्हणायला लागले. पाणी कमिटीचे अध्यक्ष तर पाहुण्यांना मुद्दाम केंद्रावर घेऊन यायचे. "बाकीच्या गावांचं नाक कापलं जातं," म्हणायचे, "आमचं मात्र शाबूत आहे, आणि ते इथे नोकरीला आहे." पाहुणे हसायचे. अध्यक्ष स्वतः मात्र कुंपणाच्या आत पाऊल टाकलं की रुमाल तोंडाला लावायचे तो बाहेर पडेपर्यंत काढायचे नाहीत.

धाकट्याचं नाक म्हणजे नुसतं चेहऱ्यावरचं सामान. दिवसभर सिगारेट आणि बाराही महिने सर्दी. "देवाने आमच्या घरात एकच नाक दिलं," तो म्हणायचा, "ते दादाने उचललं. माझ्या वाट्याला तोंड आलं." आणि तोंड त्याचं खरंच थांबत नसे. विहिरीत उतरून पंपात अडकलेल्या चिंध्या ओढायचं काम त्याचंच होतं, आणि खाली तो उतरला की वर त्याची टकळी ऐकू यायची. उतरायच्या आधी मात्र तो गप्प उभा राहायचा. थोरला झाकण सरकवायचा, गुडघे टेकून तोंडाशी वाकायचा, हुंगायचा. कुजक्या अंड्याचा, म्हणजे विषारी वायूचा, जराही वास आला तर "आज नको." नाही आला तर "जा." ह्या एका शब्दावर धाकटा शिडीवर पाय ठेवायचा.

त्या थंडीत थोरल्याला ताप आला. अंगावर काढण्यासारखा नव्हता. चांगला अंथरुणाला खिळला होता. उठला तेव्हा गालफडं बसली होती. पहिल्याच सकाळी तो टाकीवर जाऊन उभा राहिला, श्वास घेतला, आणि त्याला वाटलं, वारा पलीकडे वाहतोय. दुपारीही तसंच वाटलं. मग तो जाळीपाशी गेला, लांब दांड्याच्या काट्याने ओढलेल्या कचऱ्यावर वाकला. काहीच नाही. जणू काचेआडून बघतोय. त्याने स्वयंपाकघरातून गुपचूप एक कांदा उचलला, गाळ वाळवायच्या वाफ्यांमागे जाऊन दगडाने ठेचला आणि नाकाशी धरला. डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. वास आला नाही.

येईल परत, त्याने स्वतःला समजावलं. ताप उतरला, तोंडाची चव हळूहळू येतेय, तसं हेही येईल. रोज सकाळी उठला की आधी उशीला नाक लावून बघायचा. तोवर कशाला कुणाला सांगायचं? सांगितलं तर अध्यक्ष काय म्हणतील? नाक नसलेला नाकवाला! गाव टाळ्या पिटेल, आणि मग कुणीतरी म्हणेल, ह्याला इथे ठेवून करायचं काय? नोकरी गेली की खोल्या गेल्या. आणि खरं सांगायचं तर खोल्यांचं भय नंतरचं होतं. आधीचं भय वेगळंच होतं. दुकानात लोक पुन्हा दोन पावलं मागे सरतील हे त्याला सहन होणार नव्हतं.

मग तो डोळ्यांनी निभावायला लागला. फेसाचा रंग बघायचा, टाकीत हवा सोडणाऱ्या पंख्याचा आवाज ऐकायचा, धाकट्याला सहज विचारल्यासारखं विचारायचा, "काय रे, कसं वाटतंय आज?" धाकटी वाळत घातलेले कपडे नाक दाबून काढताना दिसली की तो समजायचा, टाकीला हवा कमी पडतेय. विहिरीवर मात्र तो पूर्वीसारखाच गुडघे टेकायचा, पूर्वीइतकाच वेळ वाकायचा आणि म्हणायचा, "जा." झाकण आधीपासून उघडं ठेवायचा, तेवढीच मनाची समजूत. ते काही वेळा निभावलं. निभावलं म्हणून पुढच्या वेळी छाती कमी धडधडली.

उन्हाळ्याच्या तोंडावर कमिटीची सभा झाली. शहरातून आलेला तपासनीस म्हणाला की विहिरीत माणूस उतरत असेल तर विषारी वायू ओळखणारं यंत्र हवंच. अध्यक्षांनी थोरल्याकडे बोट केलं. "आमचं यंत्र चालतंबोलतं आहे साहेब. का हो, तुम्हाला लागतं का यंत्र? लागत असेल तर सांगा, मागवू."

सगळे त्याच्याकडे बघून हसत होते, प्रेमाने हसत होते. त्या क्षणी नुसतं "मागवा" म्हटलं असतं तरी चाललं असतं. कारण सांगायची गरज नव्हती, नाकाबद्दल अवाक्षर काढावं लागलं नसतं. पण त्याच्या मनात आलं की यंत्र आलं की नाकाची गरज संपली, आणि तो म्हणाला, "कशाला उगाच? नको."

धाकटा मागच्या बाकावर होता. त्याने शिट्टी वाजवली.

त्यानंतर थोड्याच दिवसांत वादळाने विजेचे खांब आडवे झाले. पंप बंद, विहीर काठोकाठ. पाणी नुसतं साचून राहिलं, त्यात कडक ऊन. वीज आली तेव्हा पंप थोडा वेळ चालला, पाणी खाली गेलं, आणि मग तो घर्रघर्र करत थांबला. चिंध्या अडकल्या होत्या. इकडे गावात मोऱ्या उलट्या वाहायला लागल्या. अध्यक्षांच्या घरातल्या न्हाणीत पाणी वर आलं तसे ते तरातरा चालत केंद्रावर आले आणि रुमाल लावून उभे राहिले. "आटपा हो, घरात पाय ठेवायला जागा नाही."

"आटपतो," धाकटा म्हणाला. त्याने कमरेला दोर बांधला. "दादा, बघ रे."

थोरल्याने झाकण सरकवलं. गुडघे टेकले. खालचं पाणी काळं होतं, पण ते नेहमीच काळं असतं. त्यावर बुडबुडे नव्हते. त्याने श्वास घेतला, आणि नेहमीप्रमाणे त्यात काहीच नव्हतं. जरा थांबू या, त्याला वाटलं. मागे अध्यक्षांनी घसा खाकरला.

"जा," थोरला म्हणाला.

धाकटा उतरला. खालून त्याचा आवाज आला, "अध्यक्षांच्या घरच्या चिंध्या दिसतायत, भारी कापड आहे." मग चिंध्या ओढताना त्याने खालचा गाळ ढवळला असावा. "दादा, ह्या काही..." एवढंच. वाक्य तिथेच तुटलं आणि पाण्यात जड काही पडल्याचा आवाज झाला.

थोरल्याने दोर ओढला. दोर हलेना. त्याच्या ओरडण्याने घरातून दोघी धावत आल्या. धाकटी विहिरीपासून अजून लांब होती तेव्हाच तिने पदर तोंडावर दाबला. "अगं आई गं, काय हा वास! अंडी कुजल्यासारखा!" तशीच ती पुढे आली आणि दोराला लटकली. थोरली लटकली, अध्यक्षांनीही रुमाल फेकला. चौघांनी मिळून त्याला काठावर आणलं. तोंड निळं पडलं होतं. धाकटी त्याच्या छातीवर बुक्क्या मारत होती आणि थोरली त्याच्या तोंडातला गाळ बोटांनी काढत होती, लहानपणी त्याने माती खाल्ली की काढायची तसा.

तो मेला नाही. गावाने त्याला नशीब म्हटलं.

शहरातल्या दवाखान्यात तो बरेच दिवस डोळे मिटून होता. डोळे उघडले तेव्हा आतला माणूस जागेवर नव्हता. हात थरथरायचे, चमचा तोंडापर्यंत जायचा नाही. बायकोकडे बघून तो अनोळखी बाईकडे बघून हसावं तसं हसायचा. थोरलीला आई म्हणायचा. शब्द फारसे राहिले नव्हते, पण 'दादा' राहिला होता. थोरला दारात दिसला की त्याचा चेहरा उजळायचा. डॉक्टर म्हणाले, मेंदूला हवा मिळाली नाही, आता आहे त्यात समाधान माना.

दोष कुणीच दिला नाही. उलट लोक थोरल्याच्या पाठीवर हात ठेवायचे. अध्यक्ष चारचौघांत म्हणाले, "हा वायूच असा कपटी. जास्त झाला की नाकच मारून टाकतो म्हणतात. भल्याभल्यांना कळत नाही." डॉक्टरांनीही तसंच सांगितलं होतं. थोरला मान खाली घालून ऐकायचा. बुडत्याला काडीचा आधार, तशी त्याने ती काडी धरली. कधीकधी त्याला स्वतःलाच वाटायचं, खरंच, नाक चांगलं असतं तरी फसलंच असतं. मग धाकटीचं ते लांबूनच पदर तोंडावर दाबणं आठवायचं आणि काडी हातातून सुटायची.

कमिटीने लगेच यंत्र मागवलं. बैल गेला नि झोपा केला. धाकट्याच्या जागी धाकटीला कामावर घेतलं, आणि अपघात म्हणून त्याच्या औषधपाण्याची मदतही मंजूर झाली. ती सकाळी जाळी साफ करायची, मधेमधे घरात येऊन नवऱ्याला बघून जायची. तेवढा वेळ थोरली किंवा थोरला त्याच्यापाशी बसत.

एका दुपारी थोरला त्याला भरवत बसला होता. पेज चमच्याने भरवायची, ओघळलेली पुसायची, पुन्हा भरवायची. धाकटा मजेत होता, मधेच हसत होता. धाकटी बाहेरून आली ती उंबऱ्यातच थांबली. तिने नाकाला हात लावला. मग अंथरुणाकडे पाहिलं. धाकट्याने सगळं घाण केलं होतं, आताचं नाही, बऱ्याच वेळापूर्वीचं. चादरीखालून बाजूने ओल आली होती. आणि थोरला त्याच्या अंगाला अंग लावून, तोंड त्याच्याजवळ नेऊन, शांतपणे पेज भरवत होता.

तिने पाणी आणलं, नवऱ्याला कुशीवर वळवलं, स्वच्छ केलं, चादर बदलली. थोरला बाजूला उभा राहिला होता, काय झालं ते आता त्याला डोळ्यांनी दिसलं होतं. चादरीचा बोळा हातात घेऊन ती उभी राहिली.

"दादा, तुम्हाला वास येत नाही."

प्रश्न नव्हता तो. थोरल्याने हातातला चमचा खाली ठेवला. "नाही," तो म्हणाला.

"त्या दिवसापासून?"

इथे अजून एक दार उघडं होतं. हो म्हटलं असतं तर तिने विश्वास ठेवला असता. नाक मारणारा वायू, डॉक्टरही तेच म्हणाले होते. त्याने भावाकडे पाहिलं. धाकटा स्वच्छ चादरीवर पडून त्याच्याकडे बघून हसत होता.

"नाही. तापापासून."

धाकटीने बोळा जमिनीवर टाकला. स्वयंपाकघरात भांडं घासल्याचा आवाज येत होता, तो थांबला. ती तिकडे गेली. थोरला मागोमाग गेला. थोरली पाठमोरी बसली होती, हात राखेने भरलेले.

"ताई, ऐकलंत?"

थोरली वळली नाही.

"ताई." मग धाकटीचा आवाज बदलला. "ताई, तुम्हाला ठाऊक होतं?"

थोरल्याला वाटलं, ही भलतंच काय विचारते. तिला कसं ठाऊक असेल? आपण कुणालाही कळू दिलं नव्हतं. पण थोरली नाही म्हणेना. खाली बघूनच म्हणाली, "करपलेलं दूध ह्यांनी पेलाभर प्यायलं. एक शब्द बोलले नाहीत. एरवी दूध जरा लागलं की घर डोक्यावर घेणारा माणूस. तेव्हाच कळलं."

"आणि गप्प राहिलात?"

"आपणहून सांगतील वाटलं. पुरुषाच्या जातीला असं तोंडावर विचारायचं कसं? नोकरी गेली तर सगळेच उघड्यावर पडू, तुम्हीसुद्धा..." ती थांबली. मग तिने जे सांगितलं ते तिला कुणी विचारलं नव्हतं. "त्या दिवशी झाकण उघडलं तेव्हा मी मागच्या दारात होते. मला वास आला. मी उठले होते गं. ओरडणारच होते, भावोजी उतरू नका म्हणून. पण अध्यक्ष उभे होते. म्हटलं, त्यांच्यापुढे ह्यांची अब्रू जाईल. म्हटलं, सर्दी असली तरी एवढा वास येतोय तर भावोजींना येईलच की."

पलीकडच्या खोलीतून धाकट्याने "आई" अशी हाक मारली, आणि थोरली त्या हाकेला उठली नाही. हातावरची राख तशीच, ती भिंतीला डोकं टेकून हुंदके द्यायला लागली. थोरला बायकोकडे बघत राहिला. इतके महिने आपण तिच्यापासून लपवत होतो आणि ती आपल्यापासून लपवत होती, एका घरात, एका अंथरुणावर. आणि त्या दोन गप्प बसण्यांच्या मधल्या भोकात पोर पडलं होतं.

दुसऱ्या दिवशी तो कपडे बदलून निघाला. धाकटी जाळीवर काम करत होती. "कुठे?"

"अध्यक्षांकडे. खरं काय ते सांगतो. काय व्हायचं ते होऊ दे माझं."

तिने काटा खाली ठेवला. "सांगून काय होईल?"

"निदान..."

"मी सांगते काय होईल. अपघात होता म्हणून मदत मिळतेय. उद्या कागदावर तुमची चूक ठरली की मदत बंद. ह्यांचं औषध बंद. तुम्हाला काढतील, तुमच्यामागून मलाही. राहायचं कुठे ह्यांना घेऊन?" ती ओरडत नव्हती. "बोलायला हवं होतं तेव्हा बोलला नाहीत. आता तुमचं मन हलकं व्हावं म्हणून माझ्या नवऱ्याच्या तोंडचं औषध काढू नका. गप्प बसा, दादा. जमतं तुम्हाला."

तो परत फिरला. कपडे बदलले आणि कामाला लागला.

त्या आठवड्यात धाकटीने आपल्या खोलीत वेगळी चूल मांडली. थोरलीने पहिले काही दिवस ताट वाढून तिच्या उंबऱ्याशी ठेवलं. ताट तसंच परत यायचं. मग तिने ठेवायचं सोडलं. माहेरी जावं असं धाकटीच्या मनात बऱ्याचदा आलं असेल, पण माहेरी भाऊभावजय होते आणि असा नवरा घेऊन जायला तिथे जागा नव्हती. कामावर ती आणि थोरला कामापुरतं बोलत. पंप लाव. झाकण टाक. विहिरीत आता थोरला उतरायचा, यंत्र दोरीने आधी खाली सोडून. गावात लोक अजूनही त्याला नाकवालेच म्हणत. दुकानात कुणीतरी म्हणायचं, "यंत्रबिंत्र ठीक आहे हो, पण नाकवाल्यांची सर नाही." तो सामान घेऊन निघून यायचा. थोरलीशी तो फारसं बोलत नसे, तीही बोलत नसे. भांडण झालं असतं तर मिटलं तरी असतं.

एकच काम असं होतं की ज्यासाठी धाकटी त्याला खोलीत येऊ द्यायची. सकाळी नवऱ्याला उचलून न्हाणीत नेणं तिला एकटीला जमायचं नाही. ती खांद्याखाली हात घालायची, थोरला गुडघ्यांखाली. दोघंही एकमेकांकडे न बघता त्याला पाटावर बसवायची, ती पाणी ओतायची, तो अंग चोळायचा. धाकट्याला ऊन पाणी आवडायचं. अंग पुसून कपडे घातले की त्याला काहीतरी आठवल्यासारखं व्हायचं. तो थरथरता हात थोरल्याच्या खांद्यावर टाकायचा आणि उठायची धडपड करायचा.

"दादा. चल. काम."

"आज सुट्टी आहे रे," थोरला म्हणायचा.

"सुट्टी?"

"हो. तू पड."

धाकट्याला खूप आनंद व्हायचा. रोज तेवढाच. तो उशीवर डोकं टाकून हसत राहायचा आणि थोरला त्याच्या अंगावर पांघरूण ओढायचा. धाकटी तोवर दाराबाहेर जाऊन रबरी बूट चढवत असायची. कधी तिला नवऱ्याचं हसणं ऐकू यायचं, मग ती थोडा वेळ तशीच एका पायात बूट घालून बसून राहायची. मग उठायची, आणि दोघं एकामागून एक जाळीकडे चालू लागायची, रात्रभराचा कचरा साचलेला असायचा.